फ्लिप-फ्लॉपपाशी वर्ग का अडतो, आणि तिथून प्रोसेसरपर्यंत कसा न्यायचा

प्रश्न थोडक्यात असा. धुळे जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांकडे दुसऱ्या वर्षाचं डिजिटल लॉजिक आलंय आणि पुढच्या सत्रात त्याच मुलांना कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनही तेच शिकवणार आहेत. मुलं के-मॅप (लॉजिकची समीकरणं आखूड करायचा चौकटींचा तक्ता) झटपट सोडवतात, आकड्यांची रूपांतरं करतात, पण फ्लिप-फ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट) आला की तक्ते पाठ करायला लागतात. प्रोसेसरची आकृती तर भूगोलाच्या नकाशासारखी रंगवून पाठ होते. प्रयोगशाळेत तयार ट्रेनर किट आहेत. ब्रेडबोर्ड वापरावा की सिम्युलेटर, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कसं सांभाळावं, आणि विद्यापीठाच्या पेपरचं काय, असं त्यांनी विचारलंय.

सर, दोन्ही विषय तुमच्याकडेच आलेत हे आधी नशीब समजा. बऱ्याच ठिकाणी पहिला विषय एकाकडे असतो, दुसरा दुसऱ्याकडे. पहिला शिक्षक काउंटरपाशी थांबतो, दुसरा प्रोसेसरच्या चौकटींपासून सुरू करतो. प्रोग्राम काउंटर म्हणजे थोडा वाढवलेला काउंटरच, ही गोष्ट मुलाला कोणीच सांगत नाही.

या दोन्ही विषयांत विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने नवी अशी एकच गोष्ट आहे: सर्किटला मागचं लक्षात राहतं, आणि ते लक्षात ठेवलेलं ठराविक क्षणीच बदलतं. बाकी सगळं बारावीच्या गणिताला धरून आहे. तेव्हा वेळेची वाटणी त्याप्रमाणे करा. बायनरी, ऑक्टल, हेक्साडेसिमल यांची रूपांतरं दोन तासांत उरका, उरलेली घरी करतील. ऑक्टलवर तर वर्गातला वेळ घालवूच नका. टू'ज कॉम्प्लिमेंटवर (उणे संख्या बिटांत लिहायची रीत) मात्र थांबा. चार बिटांत ०१११ मध्ये ०००१ मिळवून दाखवा. उत्तर १००० येतं, म्हणजे सात अधिक एक बरोबर उणे आठ. मग ११११ मध्ये ०००१ मिळवा. इथे कॅरी बाहेर पडतो, पण उत्तर शून्य, म्हणजे उणे एक अधिक एक, अगदी बरोबर. पहिल्यात कॅरी नाही तरी उत्तर चुकलं, दुसऱ्यात कॅरी आहे तरी बरोबर आलं. कॅरी आणि ओव्हरफ्लो (उत्तर दिलेल्या बिटांत न मावणं) हे वेगळे आहेत हे एवढ्या दोन ओळींत कळतं. सर्वांत डावीकडच्या बिटात शिरणारा कॅरी आणि तिथून बाहेर पडणारा कॅरी यांचा एक्सऑर (दोन्ही वेगळे असतील तरच एक) म्हणजे ओव्हरफ्लो, हे सूत्र त्यानंतर मुलं स्वतःच शोधतात. १९९६ साली एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झालं, त्यामागे मोठी संख्या १६ बिटांत कोंबायला गेल्याचा ओव्हरफ्लो होता, हेही सांगा. मागच्या बाकांवरचेही ऐकतात.

याच आठवड्यात एक छोटं सर्किट करून घ्या, कारण पुढच्या सत्राचं बी त्यात आहे. ७४८३ हा चार बिटांचा अ‍ॅडर आणि ७४८६ चे चार एक्सऑर. दुसऱ्या संख्येच्या, म्हणजे बी च्या, प्रत्येक बिटाला एक्सऑरमधून न्यायचं, चारही एक्सऑरची दुसरी टोकं एकाच तारेला जोडायची, आणि तीच तार अ‍ॅडरच्या कॅरी-इनला द्यायची. तार शून्यावर असली की बेरीज, एकवर नेली की वजाबाकी. सर्किट तेच, एका तारेने त्याचं काम बदललं. त्या तारेला आत्ताच ‘कंट्रोल सिग्नल’ म्हणायला लावा. सहा महिन्यांनी कंट्रोल युनिट शिकवताना तुम्हाला नवी ओळख करून द्यावी लागणार नाही.

के-मॅपबद्दल माझं मत थोडं कडू आहे. कार्नोने तो १९५३ साली बेल लॅब्जमध्ये मांडला. तेव्हा प्रत्येक गेट महाग होतं आणि माणूस कागदावर डिझाइन करत होता. आज सिंथेसिसचं सॉफ्टवेअर ते काम करतं. एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) तर सगळी लॉजिक छोट्या लुकअप टेबलांत बसते. चार इनपुटांच्या टेबलात १६ खाने, त्यात ट्रुथ टेबल जसंच्या तसं भरलं जातं. समीकरण आखूड असो की लांब, टेबल तेवढंच खर्ची पडतं. म्हणून चार व्हेरिएबलपर्यंत के-मॅप, डोन्ट केअरसकट सेव्हन सेगमेंटचं एक उदाहरण, आणि पुढे चला. पाच व्हेरिएबलचा पेपरात येत असेल तर परीक्षेआधी एक तास द्या. हॅझार्ड दाखवायला मात्र के-मॅप फार चांगला. शेजारचे दोन गट एकमेकांवर न चढता नुसते टेकलेले असतात, त्या शिवेवरून इनपुट सरकला की आउटपुट क्षणभर घसरतो. त्यावर पूल म्हणून जास्तीचा गट घ्यायचा. कमीत कमी गेट म्हणजे उत्तम सर्किट असं नसतं, हे मुलांना पहिल्यांदा इथेच कळतं.

आता अडण्याची जागा.

बहुतेक पुस्तकं एसआर (सेट-रिसेट) लॅच, म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्वांत साधं सर्किट, असा आणतात: दोन नॉर गेट एकमेकांत अडकवलेले, खाली तक्ता, त्यात शेवटच्या ओळीत ‘फॉरबिडन’. मुलाला दिसतं ते एवढंच की आउटपुट पुन्हा इनपुटला कोणीतरी विनाकारण जोडला आहे. असं का करावं वाटलं असेल, हा प्रश्नच त्याच्या मनात येत नाही, म्हणून उत्तरही पोहोचत नाही.

तुमच्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची असणार. यावल-रावेरची केळीवाली, शिंदखेडा-शिरपूरची कापूसवाली. विहिरीवरची मोटर चालू करायला रात्री कोणी ना कोणी गेलेलाच असतो. तो स्टार्टर म्हणजेच लॅच आहे. तसाच आहे असं नव्हे, तोच आहे. हिरवं बटण दाबून सोडलं, बोट काढलं, तरी मोटर चालूच राहते. का? हे वर्गात विचारा आणि पाच मिनिटं गप्प बसा. कोणीतरी म्हणेलच, आत कॉइल ओढली जाते. मग विचारा, बटण सोडल्यावर कॉइलला वीज कुठून मिळते?

साध्या डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरचं कंट्रोल सर्किट फळ्यावर काढा. लाल बटण नेहमी जोडलेलं, दाबलं की तुटतं. हिरवं नेहमी तुटलेलं, दाबलं की जुळतं. दोन्ही कॉइलबरोबर एका ओळीत. आणि हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचाच एक जास्तीचा कॉन्टॅक्ट, होल्डिंगचा. कॉइल ओढली की तो कॉन्टॅक्ट जुळतो आणि कॉइल स्वतःच स्वतःला धरून ठेवते. आता हेच बूलियनमध्ये लिहायला लावा. कॉइल कधी ओढलेली असेल? हिरवं दाबलं असेल किंवा कॉइल आधीच ओढलेली असेल, आणि लाल दाबलेलं नसेल. हिरवं म्हणजे एस (सेट), लाल म्हणजे आर (रिसेट), कॉइल म्हणजे क्यू. म्हणजे:

क्यू (पुढचा) = (एस + क्यू) · आर-बार

समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्यू आलाय. मुलं इथे थबकतात आणि थबकायलाच हवीत. डावीकडचा क्यू नंतरचा, उजवीकडचा आत्ताचा. काळ पहिल्यांदा समीकरणात शिरला. हा क्षण घाईत घालवू नका. नंतर डी मॉर्गन लावा: (एस + क्यू) चा उलटा म्हणजे एक नॉर, त्याचा आणि आर चा पुन्हा नॉर. दोन ओळींत तेच पुस्तकातलं एकमेकांत अडकलेल्या नॉरचं चित्र समोर येतं, आणि आता ते कोणी विनाकारण जोडलेलं वाटत नाही.

मग एकेक धागा ओढत जा. दोन्ही बटणं एकदम दाबली तर? शेतावर ज्याने केलंय तो सांगेल, मोटर बंद. लॅचमध्येही क्यू शून्यच. मग ‘फॉरबिडन’ कशाला म्हणायचं? कारण दोन्ही एकदम सोडली तर काय होईल ते सांगता येत नाही. लाल आधी सुटलं की मोटर सुरू, हिरवं आधी सुटलं की बंद, आणि माणसाच्या बोटांना ‘अगदी एकदम’ जमत नाही. वर्गात हे १२ व्होल्टच्या रिलेवर करा, दोन चेंजओव्हर कॉन्टॅक्ट असलेला घ्या. एक कॉन्टॅक्ट होल्डिंगला, दुसरा एलईडीला. मुलांना दहा-वीस वेळा दोन्ही बटणं सोडायला लावा. उत्तर कधी असं येईल, कधी तसं. शेतावरच्या ४१५ व्होल्टच्या पेटीला मात्र कोणी हात लावायचा नाही, हे स्पष्ट सांगा. उत्साही मुलं रविवारी घरी जाऊन झाकण उघडतात.

वीज गेली की कॉइल सुटते, आणि वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. शेतीच्या फीडरला थ्री-फेज ठराविक तासच असते, म्हणून तर रात्री ‘लाईट उनी का?’ विचारत माणूस विहिरीकडे निघतो. हीच व्होलाटाइल मेमरी. उलट घरातल्या दिव्याचं बटण वीज गेली तरी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला राहतं. दोन्हीतला फरक मुलांना विचारा, तुम्ही सांगू नका. पुढे स्टार्टरला ‘ऑटो’ लावलेला असतो, वीज आली की थोड्या वेळाने तोच मोटर सुरू करतो. म्हणजे वीज येताच सेट. आपल्या डिजिटल सर्किटला बहुधा याच्या उलट हवं असतं, वीज येताच रिसेट, म्हणून क्लिअर पिनवर रेझिस्टर-कपॅसिटर लावतो. हे न केलेला काउंटर सुरू होताना कुठूनही मोजायला लागतो आणि मुलं आयसीला दोष देतात.

इथे इतिहास पाच मिनिटांत बसतो. क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीमध्ये एम. एस. च्या प्रबंधात दाखवलं की रिलेंच्या सर्किटचा हिशेब बूलच्या बीजगणिताने होतो. गेट नंतर आले, रिले आधी. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं कोणी वर्गात असेल तर सिग्नलच्या रिले इंटरलॉकिंगबद्दल घरी विचारून यायला सांगा. एक मार्ग लागला असताना त्याला छेदणारा दुसरा लागू नये, ही नुसती अँड-नॉटची गोष्ट आहे आणि त्यावर गाड्या चालतात.

लॅच समजला की लगेच फ्लिप-फ्लॉपवर उडी मारू नका. क्लॉकच्या (ठरावीक वेळाने येणाऱ्या पल्सच्या) कडेवरच बदल का हवा, हे आधी डोळ्यांनी दिसू द्या. ७४७५ हा डी लॅच घ्या, त्याचा क्यू-बार उलट डी ला जोडा, एनेबल वर करा. एलईडी धड पेटत नाही, धड विझत नाही. दार उघडं आहे, आउटपुट बदलला की इनपुट बदलतो, इनपुट बदलला की आउटपुट. एनेबल खाली करा, जिथे थांबला तिथे थांबला, दर वेळी वेगळं. आता तीच जोडणी ७४७४ वर करा. एका पल्सला एकदाच उलटतो. दोन पल्सला एक फेरी, म्हणजे दोनने भागणारा काउंटर तयार. लेव्हल आणि एज यांतला फरक यानंतर तक्त्यातून शिकवावा लागत नाही. मास्टर-स्लेव्ह, जेके, टी ही सगळी मंडळी या एका प्रयोगामागून रांगेत येतात. एका फ्लिप-फ्लॉपचा दुसरा करण्याची गणितं पेपरात असतात तेवढी करून घ्या, त्यांच्यात जीव गुंतवू नका.

पुढे साधनांचं. तयार ट्रेनर किट मला फारसे आवडत नाहीत. ते वाईट असतात म्हणून नाही, ते फार सभ्य असतात म्हणून. त्यांच्या पल्सर बटणाच्या आत बाऊन्स काढून टाकलेला असतो. म्हणून मुलाला कधी कळतच नाही की साधं बटण एकदा दाबलं तरी काही मिलिसेकंद ते थरथरतं आणि काउंटर एकावरून थेट चारावर जातो. हा चार दिसल्यावरच डीबाऊन्स म्हणजे काय ते कळतं, आणि दुहेरी बटणावर तोच एसआर लॅच लावून तो घालवता येतो हे पाहिल्यावर लॅचला एक काम मिळतं.

तेव्हा थोडे ब्रेडबोर्ड घ्याच. आयसी जळगावात किंवा कुरिअरने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात, खर्च किरकोळ आहे. पण काही गोष्टी आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन तासांचा प्रयोग एका तारेपायी बुडतो. ७४०० ला ज्या सवयीने तारा लावल्या तशा ७४०२ ला लावल्या की काहीच चालत नाही, कारण त्याच्यात आउटपुट पिन १ पासून सुरू होतो. १४ पिनच्या आयसीत सप्लाय १४ आणि ७ वर, हे पाठ झालेलं असतं. मग ७४७६ येतो, त्याला पिन ५ वर पाच व्होल्ट आणि १३ वर ग्राउंड. ७४९० ला ५ आणि १०. आयसी बोटाला चटका देईपर्यंत गरम झाला की पहिली शंका इथली घ्यायची. टीटीएलचा (७४ मालिकेतल्या या मूळ आयसींचा) मोकळा सोडलेला इनपुट एक समजला जातो, म्हणून न जोडलेली तार ‘शून्य’ आहे असं गृहीत धरणारा दिवसभर शोधत बसतो. एचसी मालिकेतला सीमॉस आयसी मिसळला गेला असेल तर मोकळ्या इनपुटचा काहीच भरवसा नाही, नुसता हात जवळ नेला तरी एलईडी बदलतो. हे मुद्दाम करून दाखवा, वर्ग हसतो आणि विसरत नाही.

अजून एक, जे मॅन्युअलमध्ये क्वचित असतं. एलएस मालिकेचा (टीटीएलचाच एक प्रकार) आउटपुट शून्यावर असताना ८ मिलिअँपिअर आत घेऊ शकतो, एकवर असताना मात्र जेमतेम ०.४ मिलिअँपिअर देण्याची हमी असते. एलईडी आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये लावला की तो पेटलेला दिसतो खरा, पण तिथलं व्होल्टेज खाली ओढलं जातं, आणि त्याच आउटपुटवरून पुढचं गेट चालवलं तर ते चुकीचं वाचू शकतं. एलईडी पाच व्होल्टकडून रेझिस्टरमधून आउटपुटकडे लावा, तो शून्याला पेटेल, एवढं मुलांना समजावून सांगा. आणि प्रत्येक आयसीच्या सप्लायजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर.

सिम्युलेटर की ब्रेडबोर्ड हा वाद मला पटत नाही. पाच-सहा आयसीपर्यंत हात लागले पाहिजेत. त्यापुढे ब्रेडबोर्डवर प्रोसेसर बांधायला लावणं म्हणजे सत्रभर तारा शोधणं. तिथून लॉजिसिम-इव्होल्यूशनवर जा. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतं. त्यात चालू तार फिकट हिरवी, बंद गडद हिरवी, मोकळी निळी, आणि दोघांनी एकाच तारेवर भांडण केलं तर लाल. ब्रेडबोर्डवर हात भाजलेल्या मुलाला त्या निळ्या आणि लाल रंगांचा अर्थ लगेच लागतो. नुसत्या सिम्युलेटरवर वाढलेल्याला तो रंगच वाटतो.

व्हेरिलॉग (सर्किट लिहून मांडायची भाषा) शिकवणार असाल तर तिथेही स्टार्टर पुन्हा भेटतो. कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये ‘इफ’ लिहिलं आणि ‘एल्स’ विसरलं की टूल गुपचूप एक लॅच घालतं. कारण अट नसताना काय करायचं ते सांगितलं नाही, म्हणजे आहे ते धरून ठेव. होल्डिंग कॉन्टॅक्ट ज्याने हाताने जोडलाय त्याला ही चेतावणी समजावून सांगावी लागत नाही.

आता दुसरं सत्र. पहिल्या दोन आठवड्यांत पुस्तक बाजूला ठेवा आणि वर्गातच एक छोटा संगणक चालवा. माणसांचा. १६ जागांची मेमरी, आठ बिटांची सूचना, वरचे चार बिट काय करायचं, खालचे चार बिट कुठून आणायचं. एक मुलगा प्रोग्राम काउंटर, एक अ‍ॅड्रेस रजिस्टर, एक इन्स्ट्रक्शन रजिस्टर, एक अ‍ॅक्युम्युलेटर, एक बी रजिस्टर, एक बेरीज करणारा, एकाच्या हातात चिठ्ठ्यांची मेमरी. फळ्याचा एक चौकोन आखून घ्या, तो ‘बस’, म्हणजे सगळ्यांची सामाईक तार. त्यावर एका वेळी एकानेच लिहायचं. एक मुलगी कंट्रोल युनिट, ती फक्त दोन गोष्टी सांगते: कोणी लिहायचं आणि कोणी उतरवून घ्यायचं. आणि एकजण टाळी वाजवतो, तो क्लॉक. उतरवून घेणं टाळीच्या क्षणीच, आधी नाही, नंतर नाही.

प्रोग्राम अगदी साधा द्या. तेराव्या जागेतला आकडा आण, चौदाव्यातला मिळव, पंधराव्यात ठेव, थांब. पहिली टाळी: प्रोग्राम काउंटर फळ्यावर लिहितो, अ‍ॅड्रेस रजिस्टर उतरवतो. दुसरी: मेमरी त्या जागेची चिठ्ठी फळ्यावर लिहिते, इन्स्ट्रक्शन रजिस्टर घेतो, प्रोग्राम काउंटर स्वतःत एक मिळवतो. तिसरी: सूचनेतले खालचे चार बिट अ‍ॅड्रेस रजिस्टरकडे. चौथी: मेमरीतला आकडा अ‍ॅक्युम्युलेटरकडे. आणण्याची सूचना चार टाळ्यांत संपली. मिळवण्याच्या सूचनेत चौथ्या टाळीला आकडा बी कडे जातो आणि पाचवी टाळी बेरजेची. पहिल्या दोन टाळ्या प्रत्येक सूचनेला सारख्याच असतात, हे कोणीतरी मागून ओरडून सांगतं. फेच सायकल शिकवून झाली. दोघांनी एकदम फळ्यावर लिहिलं की बस कन्टेन्शन. कोणी टाळीआधीच उतरवून घेतलं की ७४७५ ची आठवण करून द्या. एका सूचनेला सरासरी किती टाळ्या लागल्या, ते काढा, तोच सीपीआय. आणि कंट्रोल युनिट झालेली मुलगी जे कागदावर बघून बोलत होती, तो कागद रॉममध्ये भरला की मायक्रोप्रोग्राम. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्सने हे १९५१ मध्ये मांडलं.

नंतर हेच यंत्र लॉजिसिममध्ये. दोन मुलांची जोडी, आणि जोडी लावताना बघा: डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाचा हात तारांवर बसलेला असतो, बारावीवाल्याचा समीकरणांवर. एकेक घ्या, दोघंही शिकतात. वेगवेगळे बसवले तर एक गट कंटाळतो आणि दुसरा घाबरतो.

खऱ्या प्रोसेसरसाठी अभ्यासक्रमात ८०८५ किंवा ८०८६ असेल तर तो शिकवावाच लागेल. पण पर्याय असेल तिथे आरआयएससी-व्ही हा खुला सूचनासंच घ्या. ८०८६ हा १९७८ चा, त्याचे सेगमेंट आणि अ‍ॅड्रेसिंग मोड समजावण्यात जो वेळ जातो त्यात डेटापाथ राहून जातो. आरव्ही३२आय मध्ये (त्याच्या ३२ बिटांच्या मूळ संचात) सूचना जेमतेम चाळीस, सगळ्या ३२ बिटांच्या, ३२ रजिस्टर, त्यातला पहिला कायम शून्य. मुलांनी मघाशी जो संगणक चालवला त्यालाच रुंद करून मल्टिप्लेक्सर लावले की सिंगल-सायकल प्रोसेसर समोर उभा राहतो. आणि आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’ याच सूचनासंचावर आहेत, हे ऐकून मुलांचे कान टवकारतात.

पाइपलाइन (एक सूचना संपायच्या आत पुढची सुरू करणं) शिकवताना सगळे कपडे धुण्या-वाळवण्या-घडी घालण्याचं उदाहरण देतात. एक मिनिट द्या आणि सोडा. एका शर्टाला दुसऱ्या शर्टाची वाट बघावी लागत नाही, आणि हॅझार्ड म्हणजे नेमकी तीच वाट बघणं. लोड केलेलं रजिस्टर पुढच्याच सूचनेत वापरणाऱ्या दोन ओळी लिहा, पाच टप्प्यांचा तक्ता काढा, आणि कोणत्या टाळीला आकडा हवा होता व कोणत्या टाळीला तो तयार झाला, ते मुलांना शोधू द्या.

कॅशसाठी (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी) साधन तुमच्याकडे आधीच आहे. सी मध्ये ४०९६ बाय ४०९६ चा इंटचा अ‍ॅरे घ्या, ग्लोबल ठेवा, नाहीतर स्टॅक फुटेल. सगळ्यांची बेरीज एकदा ओळीने करा, एकदा स्तंभाने, दोन्हींचा वेळ मोजा आणि बेरीज छापा. बेरजा तेवढ्याच, आकडे तेच, पण स्तंभाने जाणारा कितीतरी पट मागे पडतो. ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये १६ इंट येतात. ओळीने जाणारा सोळाही वापरतो, स्तंभाने जाणारा एक वापरून पंधरा टाकून देतो. कंपाइल करताना ऑप्टिमायझेशन ‘ओ१’ एवढंच ठेवा. ‘ओ३’ वर जीसीसी कधी कधी लूपची अदलाबदल करून तुमचा प्रयोगच मोडून टाकतो.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. बोलायचं मराठीत, शब्द रजिस्टर-क्लॉक-बस हेच ठेवायचे, आणि आठवड्यातून एकदा अर्ध्या पानाचं उत्तर इंग्रजीत लिहून घ्यायचं, कारण पेपर इंग्रजीत आहे. अडचण बहुधा वाक्यरचनेची असते, विषयाची नसते. शहादा-धडगावकडून आलेल्या काही मुलांची तर घरची भाषा मराठीही नाही, पावरी किंवा भिली आहे. त्यांच्यासाठी आकृती आणि हातातलं काम हेच सगळ्यात सरळ. टायमिंग डायग्राम रोज एक काढायला लावा, त्यात भाषा लागतच नाही.

पेपरचं असं की विद्यापीठाचे प्रश्न तुम्ही बदलू शकत नाही, अंतर्गत परीक्षेचे बदलू शकता. ‘चार बिटांचा रिपल काउंटर काढून समजवा’ याऐवजी काढलेला काउंटर द्या, त्यातली एक तार तुटली आहे असं सांगा, आणि पहिल्या दहा पल्सना काय दिसेल ते विचारा. जर्नल कॉपी होतातच, म्हणून प्रत्येकाला काउंटर असा द्या की त्याच्या हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक त्याने गाळायचा. सातवाल्याला सात गाळायचा, तीनवाल्याला तीन. मित्राचं उतरवून चालत नाही, मित्राला विचारून मात्र चालतं. आणि तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नका. चालू सर्किटमधली एक तार तुम्ही काढा आणि विचारा, आता काय होईल? उत्तर देईपर्यंत तार परत लावायची नाही. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही आधी दोन मिनिटं हे समजावून सांगा, बहुतेकांना आवडतं, आणि एका बॅचला लागणारा वेळही फारसा वाढत नाही.